गोळी लागू पडली का? प्लेटलेटची तपासणी आणि दुसरा झटका

पावसाळ्यात घरात कोणाला डेंग्यू झाला की प्लेटलेटचा आकडा सगळ्या घराला पाठ होतो. सकाळी ऐंशी हजार, संध्याकाळी साठ हजार, उद्या पुन्हा रक्त. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, हेही आता बहुतेकांना माहीत झालंय. हृदयाच्या झटक्यानंतर मात्र प्रश्न निराळा असतो. तिथे संख्या बहुतेक वेळा नॉर्मलच असते. पाहायचं असतं ते या पेशी एकमेकींना चिकटायला किती उतावीळ आहेत आणि त्यांना आवरायला दिलेली गोळी लागू पडली आहे की नाही. हे मोजणाऱ्या तपासणीला प्लेटलेट फंक्शन टेस्ट म्हणतात. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाच्या घरचे कधी कधी डॉक्टरांना विचारतात, ही टेस्ट करून घेतली तर दुसरा झटका टळेल का? प्रश्न अगदी रास्त आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न हजारो रुग्णांवर तपासून पाहिला. त्याचं उत्तर समजायचं तर आधी टेस्ट आतून कशी चालते ते बघावं लागतं.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींपासून सुटलेले तुकडे. आकार दोन ते तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस, आणि पोटात केंद्रक नाही. ही केंद्रक नसण्याची गोष्ट लक्षात ठेवावी, गोळ्यांचा सगळा परिणाम तिच्यावर उभा आहे. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर शाबूत असेपर्यंत प्लेटलेट चपट्या चकत्यांसारख्या वाहत राहतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. प्लेटलेट त्याला चिकटतात, त्यांना काटे फुटल्यासारखे हातपाय येतात आणि त्या आजूबाजूच्या प्लेटलेटना बोलावणारी रसायनं सोडतात. त्यांतली दोन आपल्या कामाची, एडीपी आणि थ्रॉम्बॉक्झेन. बोलावणं पोचलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर फायब्रिनोजेन धरून ठेवणाऱ्या जागा उघडतात. फायब्रिनोजेनच्या धाग्याचं एक टोक एका प्लेटलेटने आणि दुसरं दुसरीने पकडलं की गुठळी तयार व्हायला लागते.

बोट कापलं तर हीच प्रक्रिया जीव वाचवते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटला तर तीच जिवावर उठते. स्टेंटचंही तसंच. धातूची ती बारीक जाळी रक्ताला परकी असते आणि तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर स्टेंटच्या आत गुठळी होण्याची भीती राहते, त्यातही पहिला महिना सर्वांत जोखमीचा. अशी गुठळी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा मोठा झटका येतो. म्हणून स्टेंटनंतर दोन गोळ्या सोबत चालतात. झटका येऊन स्टेंट टाकलेला असेल तर साधारणपणे वर्षभर.

पहिली गोळी ॲस्पिरिन. प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ या एन्झाइमला ती कायमचं बंद करते, त्यामुळे थ्रॉम्बॉक्झेन बनत नाही. केंद्रक नसल्याने प्लेटलेटला नवं एन्झाइम घडवता येत नाही, म्हणून एकदा बंद झालेली प्लेटलेट मरेपर्यंत बंदच राहते. पण दर दिवशी साधारण एक दशांश प्लेटलेट नव्या कोऱ्या रक्तात येतात आणि त्यांना कालच्या गोळीने शिवलेलं नसतं. गोळी रोज का घ्यायची, याचं उत्तर एवढंच आहे. ॲस्पिरिनची ताकद १९८८च्या आयसिस-२ या अभ्यासात ठसठशीत दिसली. झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण त्यात होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत ११.८ टक्के होते आणि घेणाऱ्यांत ९.४ टक्के.

दुसरी गोळी बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल. ती एडीपीचं बोलावणं ऐकणारी जागा अडवते. त्या जागेचं नाव पी२वाय१२. मात्र पोटात जाते त्या रूपात क्लोपिडोग्रेल काहीच करत नाही. तिचा सुमारे ८५ टक्के भाग रक्तातली आणि यकृतातली एन्झाइम निकामी करून टाकतात. उरलेल्या भागावर यकृतात दोन टप्प्यांत काम होतं आणि मग कुठे खरं औषध तयार होतं. या कामात सीवायपी२सी१९ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा असतो आणि ते सगळ्यांच्या यकृतात सारखं चालत नाही. म्हणजे दोन माणसांनी एकाच पट्टीतली ७५ मिलिग्रॅमची गोळी एकाच वेळी घेतली तरी एकाच्या रक्तात भरपूर औषध तयार होतं, दुसऱ्याच्या रक्तात जेमतेम. अमेरिकेत बाल्टिमोरला पॉल गुर्बेल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये हा फरक स्टेंट टाकलेल्या रुग्णांमध्ये मोजून दाखवला आणि हृदयरोगतज्ज्ञांमध्ये खळबळ उडाली. ब्लडप्रेशरची गोळी दिली की प्रेशर मोजतात, साखरेची दिली की साखर मोजतात, मग ही गोळी न मोजता का द्यायची?

मोजायची पद्धत तोवर चाळीस वर्षं जुनी झाली होती. ती लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी १९६२मध्ये मांडली. नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे ते चिरंजीव. हिटलर सत्तेवर आल्यावर कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली. पुढे ब्रिटिश सैन्यात डॉक्टर म्हणून ते हिरोशिमाला गेले. किरणोत्साराने अस्थिमज्जा जळून प्लेटलेट संपलेली आणि रक्तस्राव थांबत नसलेली माणसं त्यांनी तिथे पाहिली, आणि प्लेटलेटमधली त्यांची आस्था तिथून सुरू झाली. त्यांची युक्ती इतकी साधी की आजही प्रमाण मानली जाते.

ती अशी. रक्त घेऊन ते हळू वेगाने फिरवायचं. तांबड्या पेशी जड, त्या तळाशी बसतात. वर पिवळसर, धुरकट द्रव राहतो. त्याचा धुरकटपणा प्लेटलेटमुळे असतो. हा द्रव काचेच्या लहान नळीत घ्यायचा, तापमान शरीराइतकं म्हणजे ३७ अंश ठेवायचं, तळाशी एक बारीक चुंबकी काडी फिरत ठेवायची आणि नळीच्या एका बाजूने प्रकाश सोडायचा. धुरकट द्रवातून फार कमी प्रकाश पलीकडे जातो. ही शून्याची पातळी. त्याच रक्तातून प्लेटलेट पूर्ण काढून टाकलेला नितळ द्रव ठेवला की जो प्रकाश पोचतो, ते शंभर टक्के. आता धुरकट नळीत एडीपीचा थेंब टाकायचा. काही क्षणांत प्लेटलेट एकमेकींना धरू लागतात आणि दूध फाटल्यावर जशा गुठळ्या वेगळ्या होऊन मधलं पाणी स्वच्छ दिसतं तसा द्रव निवळत जातो. प्रकाश वाढतो, कागदावरची रेघ वर चढते. गोळी न घेणाऱ्याची रेघ भराभर चढून वर टिकते. गोळी नीट लागू पडलेल्याची थोडी चढते आणि पुन्हा खाली येते, कारण प्लेटलेट एकमेकींना धरतात पण धरून राहू शकत नाहीत. ॲस्पिरिनचा परिणाम बघायचा असेल तर एडीपीऐवजी ॲराकिडोनिक ॲसिड टाकतात. त्यापासून थ्रॉम्बॉक्झेन बनवायचं एन्झाइमच बंद असेल तर रेघ जागची हलत नाही.

मला ही तपासणी फार आवडते, कारण तिच्यात अंदाज काहीच नाही. पेशी डोळ्यांदेखत वागून दाखवतात. पण तिला हाताला सवय असलेला तंत्रज्ञ लागतो, वेळ लागतो, आणि दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही. म्हणून पुढे पेटीएवढी यंत्रं आली. त्यांत व्हेरिफायनाऊ सर्वांत जास्त वापरलं गेलं. त्यात रक्त फिरवून वेगळं करावं लागत नाही, नळी थेट यंत्रात खोचायची. आत फायब्रिनोजेन लावलेले सूक्ष्म मणी आणि एडीपी असतं. जाग्या झालेल्या प्लेटलेट त्या मण्यांना धरून गोळा होतात, प्रकाश वाढतो आणि काही मिनिटांत आकडा येतो. त्या आकड्याच्या एककाला पीआरयू म्हणतात. आकडा जेवढा मोठा, तेवढ्या प्लेटलेट मोकाट. २०१३मध्ये तज्ज्ञांच्या गटाने मर्यादा सुचवल्या. २०८च्या वर असेल तर गुठळीची जोखीम जास्त, ८५च्या खाली असेल तर रक्तस्रावाची. मल्टिप्लेट नावाचं आणखी एक यंत्र प्रकाशाऐवजी विजेचा अडथळा मोजतं. त्याची एककं आणि मर्यादा वेगळ्या, त्यामुळे एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्यात बसवून बघू नये.

रक्त घेण्यातच तपासणी बिघडू शकते, हे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, सुई दोनदा-तीनदा टोचावी लागली, नळी जोरात हलवली किंवा फ्रीजमध्ये ठेवली, तर प्लेटलेट तिथेच जाग्या होतात. म्हणून पहिलं थोडं रक्त बाजूला टाकतात, मग सायट्रेटची निळ्या बुचाची नळी खुणेपर्यंत भरतात आणि काही तासांत तपासणी उरकतात. बॉर्नच्या पद्धतीत तेलकट जेवणानंतरचं रक्तही अडचणीचं, कारण चरबीने द्रव आधीच दुधाळ झालेला असतो. व्हेरिफायनाऊच्या बाबतीत ॲनिमियाकडे लक्ष द्यावं लागतं. तांबड्या पेशी कमी असतील तर पीआरयूचा आकडा वाढून येतो आणि गोळी आहे त्याहून कमी लागू पडल्यासारखी दिसते. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की पीआरयूचा रिपोर्ट हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे. या आकड्याचा दुसऱ्या झटक्याशी संबंध आहे का? आहे. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००४मध्ये मोठा झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेल्या ६० रुग्णांच्या प्लेटलेट तपासल्या आणि प्रतिसादाप्रमाणे त्यांचे चार गट केले. क्लोपिडोग्रेल सर्वांत कमी लागू पडलेल्या गटात सहा महिन्यांत ४० टक्के रुग्णांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास पुन्हा झाला. चांगला प्रतिसाद असलेल्या दोन गटांत एकालाही झाला नाही. अभ्यास लहान होता, पण चित्र धडकी भरवणारं होतं. पुढे अमेरिका आणि जर्मनीत औषधी स्टेंट टाकलेल्या ८,५८३ रुग्णांवरचा अडॅप्ट-डेस हा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. पीआरयू २०८च्या वर असलेल्यांत वर्षभरात स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण १.३ टक्के होतं, बाकीच्यांत ०.५ टक्के.

हे दोन आकडे जरा जवळून बघूया, सगळी गोम त्यांत आहे. आकडा वाईट आलेले हजार रुग्ण एका बाजूला उभे करा. वर्षभरात त्यांच्यातल्या १३ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी होईल आणि ९८७ जणांच्या होणार नाही. आकडा चांगला आलेले हजार दुसऱ्या बाजूला. त्यांच्यातल्या ५ जणांच्या स्टेंटमध्ये तरीही गुठळी होईल. जोखीम अडीच पट, यात खोटं काही नाही. पण एका माणसाच्या हातात रिपोर्ट ठेवून त्याला ‘तुम्हाला होणार’ किंवा ‘तुम्हाला होणार नाही’ असं सांगण्याइतकी ताकद या आकड्यात नाही. त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के रुग्णांचा आकडा २०८च्या वर होता. जवळजवळ निम्म्या रुग्णांना घाबरवून सोडायचं आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच व्हायचं नाही. शिवाय वाईट आकडा असलेल्यांत रक्तस्राव कमी होता, आणि इतर आजार हिशेबात धरल्यावर मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक उरला नाही.

जोखीम दिसते म्हणजे आकडा खाली आणला की जोखीमही खाली येईल, असं वाटणं साहजिक आहे. ते तपासायला उत्तर अमेरिकेत ग्रॅव्हिटास हा अभ्यास झाला. स्टेंटनंतर पीआरयू जास्त आलेल्या २,२१४ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅमच क्लोपिडोग्रेल ठेवलं, निम्म्यांना दुप्पट, म्हणजे १५०. २०११मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत मृत्यू, झटका किंवा स्टेंटमधली गुठळी यांचं प्रमाण एका गटात २.३ टक्के आणि दुसऱ्या गटातही २.३ टक्के. फ्रान्समधल्या आर्क्टिक या अभ्यासाने तर २,४४० रुग्णांत तपासणी करून औषध बदलणं आणि तपासणी न करताच नेहमीचे उपचार देणं यांचीच तुलना केली. २०१२च्या निकालात तपासणीच्या गटाचा काही फायदा झालेला दिसला नाही.

असं का झालं असावं? एक तर डोस दुप्पट करूनही ग्रॅव्हिटासमधल्या बऱ्याच रुग्णांचा आकडा खाली आलाच नाही. ज्या यकृतात औषध तयारच होत नाही, तिथे कच्चा माल दुप्पट दिल्याने फार काही साधत नाही. दुसरं, त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण स्थिर प्रकृतीचे होते आणि त्यांना दुसरा झटका येण्याची शक्यता मुळातच कमी होती. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मधुमेह, वाढलेलं वय, अशक्त मूत्रपिंड, स्थूलपणा या सगळ्यांत प्लेटलेट जास्त उतावीळ असतात, आणि नेमक्या याच माणसांच्या धमन्याही जास्त खराब असतात. अशा रुग्णाचा मोठा आकडा काही अंशी त्याच्या एकूण आजाराचीच खूण असतो. खूण पुसली म्हणून आजार जात नाही. दुसरा झटका स्टेंट न टाकलेल्या भलत्याच धमनीतला थर फुटूनही येऊ शकतो. तिथे कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू आणि रक्तदाब यांचं चालतं, पीआरयूचं थोडंच.

दरम्यान औषधंच बदलली. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर या गोळ्या एडीपीची तीच जागा अडवतात, पण जवळजवळ सगळ्यांमध्ये आणि जास्त जोराने. २००७ आणि २००९च्या दोन मोठ्या अभ्यासांत झटका आलेल्या रुग्णांना क्लोपिडोग्रेलपेक्षा त्यांचा फायदा जास्त झाला, पण त्यांच्याबरोबर रक्तस्रावही वाढला. त्यामुळे तपासणीचा उपयोग उलट्या दिशेने सुरू झाला. जोरदार गोळीवर असलेल्या रुग्णाला काही दिवसांनी सौम्य गोळीवर आणता येईल का? युरोपातल्या ट्रॉपिकल-एसीएस या अभ्यासात, २,६१० रुग्णांमध्ये, एका गटाला आठवडाभर प्रासुग्रेल, मग आठवडाभर क्लोपिडोग्रेल दिलं आणि मल्टिप्लेटने तपासलं. गोळी लागू पडली असेल तर तीच चालू, नसेल तर परत प्रासुग्रेल. २०१७च्या निकालात हा मार्ग वर्षभर प्रासुग्रेल देण्याइतकाच सुरक्षित ठरला. आज तपासणीला सर्वांत भक्कम आधार आहे तो इथेच.

आपल्या भागातल्या माणसांसाठी जनुकांची बाजू दुर्लक्षण्यासारखी नाही. सीवायपी२सी१९ मंद करणारा बदल दक्षिण आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी मूळ असलेल्या ४४ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय अभ्यासात ५७ टक्के लोकांत असा किमान एक बदल सापडला. १३ टक्के लोकांत दोन्ही प्रती मंद होत्या, आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या अशा रुग्णांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१०पासून क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर या मंद गटाबद्दल ठळक इशारा छापायला लावला आहे. जनुकं आयुष्यभर तीच राहतात, म्हणून ही तपासणी एकदाच करावी लागते. प्लेटलेटचा आकडा मात्र आजच्या दिवसाचा असतो, पंधरा दिवसांनी वेगळा येऊ शकतो.

मग सरसकट सगळ्यांची टेस्ट करावी का? मार्गदर्शक तत्त्वं नाही म्हणतात, आणि मला ते पटतं. पण काही रुग्णांत ती मागायलाच हवी. गोळ्या नीट चालू असताना स्टेंटमध्ये गुठळी झाली तर. डाव्या मुख्य धमनीसारख्या जागी स्टेंट आहे, तिथे चूक परवडणारी नाही आणि रुग्ण क्लोपिडोग्रेलवर आहे, अशा वेळी. रक्तस्राव झाल्याने जोरदार गोळी सोडून सौम्य गोळीवर यायचं असेल तेव्हा. आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना बायपास ठरली तर. एरवी गोळी थांबवून पाच दिवस थांबतात. तपासणीत प्लेटलेट पूर्ववत झालेल्या दिसल्या तर सर्जनला लवकर हात घालता येतो, आणि छातीत दुखत असलेल्या रुग्णाला दोन दिवस वाचणं म्हणजे फार असतं.

रिपोर्ट वाईट आला तर औषध बदलण्याआधी कोणताही जाणता डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो गोळ्या रोज घेता का हा. स्वस्तात स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा खरं ठरणारं कारण तेच असतं. खर्च वाचवायला एकाआड एक दिवस घेतलेली गोळी, उपासाच्या दिवशी चुकलेली गोळी, दात काढायचा म्हणून कोणीतरी बंद करायला सांगितलेली आणि पुन्हा सुरूच न झालेली गोळी. त्यानंतर इतर औषधं. ॲसिडिटीसाठी घेतलेलं ओमेप्राझोल सीवायपी२सी१९लाच अडवतं. त्याऐवजी बहुधा पँटोप्राझोल देतात. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ती कॉक्स-१मधली जागा तात्पुरती अडवून बसते, ॲस्पिरिनला शिरताच येत नाही, आणि ॲस्पिरिन तर थोड्याच वेळात रक्तातून निघून जातं. म्हणून तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, आयुर्वेदिक काढ्याची बाटलीसुद्धा. शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ लॅबच्या कागदावर लिहून घ्यायला लावावी आणि ही गोळी सुरू होऊन किती दिवस झाले तेही. रोजच्या ७५ मिलिग्रॅमने क्लोपिडोग्रेलचा पूर्ण परिणाम दिसायला पाच ते सात दिवस लागतात; त्याआधी आलेल्या मोठ्या आकड्यावरून गोळी लागू पडत नाही, असं ठरवता येत नाही.